ज्याचं दावं आपल्या हातात, त्याची तहानही आपल्याच खात्यात

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



वैशाखवणवा पेटला आहे. पारा 42 ते 44 अंशांच्या खाली यायचं नाव घेत नाही, आणि 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नवतपा लागेल, ज्याला आपले हिंदी शेजारी नौतपा म्हणतात. दर वर्षी या दिवसांत या पत्रिकेतून आपण उदककुंभदानावर आणि पाणपोईवर लिहितो. यंदा विषय थोडा वेगळा आहे, कारण गेल्या आठवड्यात ग्रुपवर एक प्रश्न आला आणि त्यावरून बरीच वादावादी झाली. काहींनी तर ग्रुप म्यूटच करून टाकला.

प्रश्न असा होता. कोलारच्या पुढे राहणाऱ्या आपल्या एका ताईंकडे कोंबड्या आहेत. पत्र्याची शेड आहे, अंडी विकून घरखर्चाला हातभार लागतो. मागच्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी त्यांच्या निम्म्याहून जास्त कोंबड्या गेल्या. त्या वेळी ताई केंद्रात पारायणाला बसल्या होत्या. यंदा त्या विचारतात, की दुपारी पोथीसमोर बसले तरी सगळा जीव शेडकडे असतो, मन लागत नाही. मध्येच उठून घरी गेले तर दोष लागतो का?

उत्तरं भराभर आली. कोणी म्हणालं, पारायण अर्धवट सोडू नये, सद्गुरू बघून घेतील. कोणी म्हणालं, त्या जिवांचं तेवढंच प्रारब्ध. एका दादांनी तर स्पष्टच लिहिलं, की शेवटी त्या कोंबड्याच, आज ना उद्या कापल्याच जाणार, त्यांच्यासाठी पोथी कशाला सोडायची? त्यानंतर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.

महाराजांच्या कानावर हा प्रश्न घातला. त्यांनी उलट एवढंच विचारलं, की शेडच्या दाराला बाहेरून कडी कोणी लावली?

आम्ही सेवेकऱ्यांनी बसून या एका प्रश्नावर जो विचार केला, तो आज आपल्यापुढे ठेवतो आहोत.

चिमणी, कावळा, पारवा यांनाही ऊन लागतं. पण त्यांना पंख आहेत. भोपाळात तर मोठा तलाव आहे, छोटा तलाव आहे, शाहपुऱ्याचं तळं आहे. दुपारी झाडीत बसावं, उन्हं कलली की पाण्यावर यावं, हा त्यांचा मार्ग मोकळा आहे. शेडमध्ये कोंडलेली कोंबडी, गच्चीवर साखळीला बांधलेला कुत्रा, पिंजऱ्यातला ससा, दाव्याला बांधलेली गाय यांचा मार्ग कोणी बंद केला? आपणच केला. वाईट हेतूनं नाही, त्यांच्या राखणीसाठीच केला. पण एकदा त्यांचं चालणं आपण आपल्या हातात घेतलं, की त्यांच्यासाठी सावली शोधायचं कामही आपल्याच हातात आलं. दाराची कडी लावताना आपण नकळत एक संकल्प सोडलेला असतो. आता तुझं पाणी माझ्याकडे, असा. पारायणाचा संकल्प त्याच्यानंतरचा आहे.

श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात नारद धर्मराजाला गृहस्थाचा धर्म सांगतात. तिथे हरीण, उंट, गाढव, माकड, उंदीर, साप, पक्षी, अगदी माशीपर्यंतची यादी येते, आणि गृहस्थाने या सगळ्यांकडे आपल्या पोटच्या पोरांसारखं पाहावं असा भावार्थ आहे. यादीत सुंदर किंवा पवित्र मानलेलेच प्राणी नाहीत, हे ध्यानात घ्या. गाढव आहे, उंदीर आहे. कोंबडीचं नाव घेतलं नाही म्हणून ती बाहेर राहिली असं कोणी म्हणेल, तर त्याला पक्षी हा शब्द पुन्हा वाचायला सांगा.

आणि नाथांची गोष्ट तर आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पैठणचे एकनाथ महाराज काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघाले. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत पडलेलं. बरोबरचे लोक बाजूनं पुढे निघाले. नाथांनी कावड उतरवली आणि ती गंगा गाढवाच्या मुखी घातली. आपण ही गोष्ट भूतदयेची म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण ताईंचा प्रश्न समोर ठेवून ती पुन्हा वाचा. नाथही एका संकल्पात होते. रामेश्वराच्या अभिषेकाचं पाणी होतं ते, शेकडो कोस खांद्यावर वाहिलेलं. अभिषेक अर्धवट सुटला असं नाथ म्हणाले नाहीत. रामेश्वराला तो इथेच पोचला असं म्हणाले. आणि ते गाढव तर त्यांचं नव्हतंही, त्याला बांधलं होतं दुसऱ्याच कुणी किंवा सोडून दिलं होतं. वाटेत पडलेल्या परक्या जनावरासाठी जर रामेश्वराची कावड उतरते, तर स्वतः कडी लावलेल्या शेडसाठी पोथीवर वस्त्र घालून उठायला दोष कसा लागेल?

तेव्हा ताईंना उत्तर हे, की दोष नाही. निर्धास्त उठावं. खरं तर दुपारी येऊच नये, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आता प्रारब्धाचं. जो जीव ज्या देहात आला तो आपल्या कर्मानं आला, हे आपण मानतो. पण शेडचं छप्पर पत्र्याचं ठेवायचं की त्यावर चुना मारायचा, हे काही कोंबडीच्या कर्मात लिहिलेलं नसतं. ते आपल्या क्रियमाणात आहे. आपल्या हातातलं काम दुसऱ्याच्या प्रारब्धावर ढकलणं फार सोपं असतं, म्हणून तिथे जरा सावध राहावं. आणि कापल्याच जाणार असं लिहिणाऱ्या दादांना आदरानं सांगतो, की आजची तहान आजच लागते. शाकाहारी घरात आपल्याला या धंद्याचा संकोच वाटतो, समजण्यासारखं आहे. पण आपल्यात कोंबड्या पाळणारी घरं आहेत, त्यातल्या काहींचा चरितार्थ त्यावर आहे. त्यांनी तो विषय ग्रुपवर काढायचाच नाही असं वातावरण आपण ठेवलं, तर नुकसान मुक्या जिवांचं होईल.

भोपाळकरांना तर बांधलेल्या जनावराचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. 1984 च्या डिसेंबरातली 2 आणि 3 तारखेमधली ती रात्र आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. माणसं उठून पळाली, त्यातली कितीतरी वाटेतच गेली. आणि सकाळी जुन्या शहरात गोठ्यांत, अंगणांत, रस्त्यांवर गाई-म्हशी-शेळ्या पडलेल्या होत्या. ज्या दाव्याला बांधलेल्या होत्या, त्यांना पळायचीही सोय नव्हती. ते संकट माणसाच्या निष्काळजीपणानं आलं होतं आणि एका रात्रीत आलं होतं. ऊन मात्र दर वर्षी सांगून येतं, महिना आधी वर्दी देतं. सांगून येणाऱ्या संकटात बांधलेला जीव गेला, तर त्याला अपघात म्हणता येत नाही.

आता नुसती दया पुरत नाही, रीत माहीत असावी लागते. मागच्या वर्षी ताईंनीही पाणी ठेवलंच होतं. तरी कोंबड्या का गेल्या? हे नीट समजून घेऊ.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाची उष्णता मुळातच 41 ते 42 अंश असते, म्हणजे आपल्याला फणफणून ताप येतो तेवढी तिची रोजची. बाहेर गारवा असला की ही उष्णता अंगावरून आपोआप हवेत जाते. पण भोपाळच्या मे महिन्यातल्या दुपारी शेडमधली हवाच 42 च्या वर असते. मग अंगातली उष्णता बाहेर जाणार कुठे? तिच्यापाशी एकच उपाय उरतो, चोच उघडून धापा टाकणं आणि श्वासावाटे पाण्याची वाफ सोडणं. म्हणून ती एरवीच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त पाणी पिते. ते पाणीच तापलेलं असलं तर ती पीत नाही, आणि धाप थांबली की संपलं. फार धाप लागली तर अंड्याचं कवचही पातळ होतं. अंडी पातळ कवचाची यायला लागली, की कोंबडी आपल्या भाषेत सांगते आहे असं समजा.

पाणी तापतं कसं? गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतून. दुपारी एक वाजता नळ सोडून पाहा, हात भाजतो. आपण तेच पाणी भांड्यात भरतो आणि पाणी ठेवलं असं समाधान मानतो. म्हणून रात्री किंवा पहाटे माठ भरून ठेवावा आणि दुपारी दोन-तीनदा त्यातलं पाणी बदलावं. मातीची परळं, ज्यांना इथे सकोरे म्हणतात, ती सगळ्यांत चांगली. त्यांतून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. भांडी एकापेक्षा जास्त असावीत, नाहीतर दांडग्या कोंबड्या एकाच भांड्याभोवती गर्दी करतात आणि गरीब कोंबडी मागे राहते.

खायला कधी घालायचं, हेही महत्त्वाचं आहे, आणि इथेच बरेच जण फसतात. प्रेमापोटी दुपारी दाणे टाकतात. अन्न पचवताना अंगात उष्णता तयार होते. सकाळी नऊला खाल्लेलं दुपारी पचतं, म्हणजे बाहेरचं ऊन आणि आतलं ऊन एकाच वेळी भेटतं. म्हणून पहाटे पाच-सहाला पोटभर घालावं, नऊच्या आत खाद्याची भांडी उचलावीत आणि पुन्हा उन्हं उतरल्यावर ठेवावीत. आपण वैशाखात एकभुक्त राहतो ना, तसंच काहीसं समजा. पाणी मात्र कधीच उचलायचं नाही.

छपराला बाहेरून चुना मारा. पांढरा रंग ऊन परतवतो. त्यावर गव्हाचं काड किंवा पाचट पसरून ओलं ठेवलं तर आणखी फरक पडतो. पण कोरडं ठेवू नका, ठिणगी पडली तर शेडच पेटेल. बाजूंना बारदानाचे पडदे लावून भिजवावेत. आता इथे एक गंमत सांगतो. उज्जैनला महाकालावर वैशाख-ज्येष्ठात मातीच्या 11 घटांतून सतत जलधार धरतात, तिला गलंतिका म्हणतात. देवाला उन्हाचा ताप होऊ नये म्हणून. तशीच एक गलंतिका शेडच्या बारदानावर टांगता येते. जुन्या माठाला तळाशी बारीक भोक, त्यात सुती वात, आणि थेंब थेंब पाणी बारदानावर. दर अर्ध्या तासाला बादली घेऊन धावायला नको. पंढरपुरातही पाडव्यापासून मृग लागेपर्यंत विठुरायाला चंदनउटी लावतात. दगडाच्या मूर्तीला गारवा द्यायची ज्या संप्रदायाला सवय आहे, त्याला धापा टाकणाऱ्या जिवाला गारवा द्यायला शिकवावं लागू नये.

फक्त एक लक्षात ठेवा. ओला पडदा एका बाजूला असेल तर समोरची बाजू उघडी, जाळीची हवी. चारी बाजूंनी ओलं बारदान लावून हवा कोंडली तर शेडचा कुकर होतो. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते, म्हणून हा उपाय चालतो. जूनच्या मध्यावर ढग येतात, हवा दमट होते, तेव्हा तोच ओला पडदा घातक. त्या दिवसांत पाणी शिंपडणं कमी आणि पंखा जास्त. पंखा कोंबड्यांच्या उंचीवर ठेवा, आपल्या तोंडाच्या उंचीवर नाही. घरातल्या कूलरलाही हाच नियम आहे, खिडकी बंद करून लावलेला कूलर आपल्यालाही घुसमटवतो.

दुपारी कोंबड्या पकडू नका, हलवू नका, लस टोचू नका. पकडापकडीत त्या घाबरून जोरात पंख फडफडवतात आणि तेवढ्यानंच जीव जातो. वजनदार ब्रॉयलर आधी जातात, गावठी जास्त टिकतात. झाबुआची कडकनाथ, जिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीही काटक म्हणून ओळखली जाते. पण काटक म्हणजे अमर नव्हे.

कोंबडी पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी टाकून, गळा थरथरवत बसली असेल तर ती अजून झुंजते आहे. मान टाकली, डोळे मिटले, तुरा फिका किंवा निळसर पडला, की वेळ थोडा आहे. तिला सावलीत आणा, साध्या गार पाण्याच्या बादलीत पाय आणि पोटापर्यंतचं अंग बुडवा, तुरा ओला करा, वारा घाला. बर्फाचं पाणी नको. एकदम फार गार झालं तर अंगावरच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि उष्णता आतच अडकते.

नाथांच्या गोष्टीवरून एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. जनावर शुद्धीवर असेल, गिळत असेल, तरच तोंडाजवळ पाणी धरावं, तेही थोडं थोडं. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. त्याचं अंग आधी भिजवा, पाजण्याचं नंतर. उन्हानं पडलेल्या माणसालाही हेच लागू आहे, घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावं.

कुत्र्यांविषयी. आपण दत्तसंप्रदायी. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आपण रोज पाहतो, ते चार वेद म्हणून त्यांना हात जोडतो. मग आपल्याच गच्चीवर जो पाचवा बांधला आहे, त्याच्याकडे दुपारी एकदा तरी जाऊन पाहा. सकाळी आठला आपण त्याला सावलीत बांधून ऑफिसला जातो. सावली सरकते, साखळी सरकत नाही. अकरा वाजता तो उन्हात असतो. धडपडीत पाण्याचं भांडं साखळीत अडकून कलंडतं. संध्याकाळी आपण येतो तेव्हा सावली पुन्हा जागेवर आलेली असते, म्हणून आपल्याला वाटतं दिवसभर सावलीतच होता. अरेरा कॉलनी असो की भेलची क्वार्टर्स, ज्यांच्या घरी कुत्रा बाहेर बांधलेला असतो त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला सावली कुठे जाते ते बघावं. मुलांना हे काम द्या, आवडीनं करतील. या दोन महिन्यांत तर त्याला घरातच घ्यावं. फरशीवर, पंख्याखाली पडू द्यावं. सोवळ्या-ओवळ्याची अडचण असेल तर देवघराचं दार लावून घ्या.

कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गादीला. बाकी सगळं काम जीभ करते. म्हणून पग, बॉक्सर असे चपट्या नाकाचे कुत्रे, तसेच म्हातारे आणि लठ्ठ कुत्रे आधी कोसळतात. फिरायला नेण्याआधी उलटा तळहात डांबरी रस्त्यावर सात सेकंद ठेवून पाहा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पायालाही सोसवणार नाही. पहाटे सूर्य वर यायच्या आत आणि रात्री रस्ता निवाल्यावरच न्यावं. केसाळ कुत्र्याचे केस उन्हाळा म्हणून मुळापासून काढू नयेत, ते उन्हापासून राखणही करतात. रोज विंचरून सुटे केस काढले की पुरे. आणि बाजारात पाचच मिनिटांचं काम आहे म्हणून गाडीत कोंडून जाऊ नये. काच चार बोटं उघडी ठेवल्यानं काही होत नाही, दहा मिनिटांत गाडीची भट्टी होते.

कुत्रा अडखळायला लागला, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, उलटी झाली, तर त्याला ऊन लागलं असं समजा. आधी जागच्या जागी नळाच्या साध्या पाण्यानं पूर्ण भिजवा, पंखा लावा, आणि मग दवाखान्यात न्या. ओला टॉवेल अंगावर टाकून तसाच ठेवू नका, तो तापतो आणि गोधडी होते. मांजर सहसा तोंड उघडून धापा टाकत नाही. टाकायला लागली तर वाट बघू नका. सशाला तिशीच्या पुढचं ऊनच सोसत नाही, त्याच्या पिंजऱ्यात बर्फाची बाटली कापडात गुंडाळून ठेवा.

पोपटाबद्दल एवढंच, की आपल्याकडचा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. मिठू मिठू म्हणतो म्हणून तो राजीखुशीनं राहतो असं नव्हे. कोणाकडे असेल तर भर दुपारी पिंजऱ्याचं दार उघडून पुण्य केलं असं समजू नये. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पक्ष्याला उडणं आणि दाणा शोधणं जमत नाही. वनविभागाशी बोलून त्याला त्यांच्या हवाली करावं.

गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्यासाठी मध्य प्रदेशात 1962 हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर पशुवैद्यकाची फिरती गाडी मागवता येते. महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांनाही हाच नंबर सांगा, तिथेही चालतो. शहरात जहांगीराबादला सरकारी पशुचिकित्सालय आहे. नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, वेळेवर शोधत बसू नका.

आता सुट्ट्यांचं. मे महिना म्हणजे लग्नं, मुंजी, गावी जाणं. कोणी नागपूरला, कोणी इंदूरला, कोणी पुण्याला. शेजाऱ्यांना किल्ली देऊन, जरा लक्ष ठेवा असं सांगून आपण निघतो. शेजारी बिचारे सकाळी एकदा पाणी घालतात. पण या उन्हात सकाळचं पाणी बारापर्यंतही पुरत नाही, आणि लाइट गेली तर पंखा बंद. ज्यांच्याकडे कोंडलेला जीव आहे त्यांनी घरातलं एक माणूस मागे ठेवावं, नाहीतर ग्रुपवर सांगावं. आपल्या गुरुबंधूंच्या घरी आपला कुत्रा आठ दिवस ठेवायला कसला संकोच? प्रसादाचे डबे पोचवायला आपण शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो. युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात एका कुत्र्यासाठी थांबला होता. आपल्याला तर फक्त लग्नाच्या मांडवात एक माणूस कमी न्यायचं आहे.

पूर्वी माळव्याच्या रात्री गार असायच्या, शब-ए-मालवा म्हणून त्यांची ख्याती होती. दिवसभर तापलेलं जनावर रात्री सावरायचं. आता सिमेंटच्या भिंती रात्री बारापर्यंत ऊन ओकतात. म्हणून शेडची हवा रात्रीही खेळती ठेवा. दार उघडं टाकू नका, मुंगूस आणि मांजर आहेतच, त्यासाठी बारीक जाळी लावा. रात्री झोपताना एकदा बॅटरी मारून बघून यावं. शेजारतीसारखंच आहे ते.

रस्त्यावरच्या जिवांसाठी सकोरे ठेवायची सेवा आपल्याकडे जोरात चालते, फार आनंद आहे. ते सावलीत ठेवा, उन्हातला सकोरा तासाभरात कोरडा होतो. आत एखादा खडा टाका, म्हणजे मधमाशी आणि खार बुडणार नाही. पाणी रोज बदला आणि आतून घासा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि ती भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. फोटो टाकायचा असेल तर पहिल्या दिवशीचा नको, सातव्या दिवशीचा टाका 😊

केंद्राच्या सूचना:

दुपारचं सामूहिक पारायण ज्येष्ठ संपेपर्यंत पहाटे 5 ला होईल. ज्यांच्या घरी गोठा, शेड किंवा बांधलेलं जनावर आहे त्यांनी तेवढ्या वेळेलाही येणं जमत नसेल तर घरी वाचावं, हजेरी धरली जाईल. कोलारच्या ताईंच्या शेडला चुना मारायला येत्या रविवारी सकाळी 6 वाजता युवा सेवेकरी जमणार आहेत. चुना आणला आहे, कुंचे कमी आहेत. ज्यांच्याकडे गहू-तांदळाची रिकामी बारदानं किंवा तळाला चीर गेलेले जुने माठ आहेत, त्यांनी ते टाकून देऊ नयेत, गुरुवारी आरतीला येताना घेऊन यावेत. ग्रुपवर ज्या दादांनी कापल्याच जाणार असं लिहिलं होतं, त्यांनी काल स्वतः फोन करून चार माठ देतो म्हणून कळवलं आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त 🙏